काटा, मोबाईल आणि पावती: गावातल्या खरेदीच्या जागी तारेविना जोडणी कशी करावी

सोयाबीन निघालं की गावोगावी खरेदीच्या जागा सुरू होतात. कुठे शेतकरी उत्पादक कंपनीचं टिनाचं शेड, कुठे बचत गटाची खोली, कुठे अडत्याने ओसरीत मांडलेला काटा. प्रत्येक ठिकाणी त्याच वस्तू: इलेक्ट्रॉनिक काटा, कॅल्क्युलेटर, पावती पुस्तक, वही आणि मोबाईल. काट्यावरचा आकडा डोळ्यांनी वाचायचा, तोंडाने ओरडायचा, दुसऱ्याने वहीत लिहायचा, तिसऱ्याने गुणाकार करायचा. चूक याच हस्तांतरात होते. ६०५ चे ६५० होतात, आणि मग कास्तकार आणि मापारी यांच्यात अर्धा तास जातो.

काट्याचं वजन थेट मोबाईलमध्ये, हिशेब मोबाईलवरच, पावती खिशात मावणाऱ्या प्रिंटरवर आणि नोंद दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर. हे सगळं आज एका साध्या अँड्रॉइड फोनवर जमतं. फक्त सगळी कामं ब्लूटूथवर लादू नका. कोणतं काम कोणत्या लहरीवर द्यायचं हे आधी ठरवलं, तर निम्म्या कटकटी उभ्याच राहत नाहीत.

कोणतं काम कशावर

ब्लूटूथची सुरुवात स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये झाली, आणि तेव्हाचा हेतू अगदी साधा होता: आरएस-२३२ नावाची तार काढून टाकायची. तुमच्या काट्याच्या मागे नऊ पिनांचं जे भोक असतं, ते याच आरएस-२३२ चं. म्हणजे काटा आणि फोन जोडणं हे ब्लूटूथचं मूळचंच काम आहे.

आज फोनमध्ये दोन तऱ्हेचं ब्लूटूथ असतं. जुनं, म्हणजे क्लासिक, सलग माहिती पाठवणाऱ्या जोडणीसाठी: स्पीकर, प्रिंटर, काटा. दुसरं कमी वीज खाणारं, म्हणजे बीएलई, २०१० च्या ४.० आवृत्तीपासून आलेलं: मनगटी घड्याळं, ताप मोजणारी यंत्रं, काही नवे काटे. दोघांतला एक फरक इथे फार उपयोगी पडतो. क्लासिक उपकरण फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी जोडावं लागतं. कमी विजेचं उपकरण बहुतेक वेळा त्याच्या ॲपमधूनच जोडायचं असतं; सेटिंगमध्ये शोधत बसलं तर ते दिसत नाही किंवा जोडून उपयोग होत नाही. दुकानदाराला खरेदीआधीच विचारा: ‘क्लासिक आहे की बीएलई?’ उत्तर आलं नाही तर वस्तू घेऊ नका.

हॉटस्पॉट हा वायफाय आहे; पल्ला जास्त, वेग जास्त, वीजही जास्त. तो इंटरनेट वाटायला वापरा, वजन आणायला नको. आणि एनएफसी, म्हणजे कार्ड टेकवून पैसे घेण्याची सोय, चार सेंटिमीटरच्या आतच चालते; या मांडणीत तिचं काम नाही. पैसे आल्याचं बोलणारा यूपीआयचा डबाही वेगळाच, त्यात स्वतःचं सिम असतं. तुमच्या फोनचं ब्लूटूथ बंद असलं तरी तो बोलतो, त्यामुळे त्याचा बिघाड इथे शोधू नका.

सामान

इलेक्ट्रॉनिक काटा, मागे आरएस-२३२ पोर्ट असलेला. आरएस-२३२ चं ब्लूटूथ ॲडॉप्टर, क्लासिक प्रकारचं. ५८ मिलिमीटरचा ब्लूटूथ थर्मल, म्हणजे उष्णतेने छापणारा, प्रिंटर आणि त्याचे पाच-सहा रोल. अँड्रॉइड फोन, शक्यतो यासाठीच वेगळा ठेवलेला. १०,००० एमएएचची पॉवर बँक. दोन चांगल्या यूएसबी केबल. फोन आणि प्रिंटर ठेवायला उंच टेबल, म्हणजे ते जमिनीपासून कंबरेच्या उंचीवर राहतील. टेबल चैनीसाठी सांगितलेलं नाही, कारण पुढे येईल.

काट्याला पोर्टच नसेल तर? मग काटा उघडून आत तारा जोडायच्या भानगडीत पडू नका. वैधमापन शास्त्र विभागाचं सील तुटलं की तो काटा व्यापारासाठी चालत नाही, पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते. कोणी ‘दोन वायरी काढून देतो’ म्हणालं तरी नको. अशा वेळी वजन हाताने टाइप करा, बाकी मांडणी तशीच राहू द्या. पावती आणि हिशेब तरी सुटसुटीत होतो.

काटा फोनशी जोडणं

सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून हे काम हंगामाआधी, माल नसताना करा.

आधी काट्याचं माहितीपत्रक काढा. त्यात पोर्टचा वेग सापडेल, म्हणजे बॉड रेट. बहुतेक काट्यांवर तो ९६००, काहींवर २४०० किंवा १२०० असतो. सोबत आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशी मांडणी सर्रास असते. हाच वेग ॲडॉप्टरवर बसवायचा. काट्याच्या बटणांमधून आकडा कधी पाठवायचा हेही निवडता येतं: सतत पाठवत राहा, वजन स्थिर झाल्यावरच पाठव, किंवा बटण दाबल्यावर पाठव. ‘स्थिर झाल्यावर’ निवडा. सतत पाठवणारा काटा सेकंदाला अनेक ओळी ढकलतो. पोतं अजून डुलत असतानाचा आकडा फोनने उचलला तर पावती चुकते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

ॲडॉप्टर काट्याला लावताना दोन अडचणी येतात. एक, काट्याचा आणि ॲडॉप्टरचा कनेक्टर दोन्ही नर किंवा दोन्ही मादी निघतात. त्यासाठी मधे जोडणारा छोटा तुकडा मिळतो. दुसरी, सगळं नीट बसलं तरी एक अक्षर येत नाही. तेव्हा बहुधा २ आणि ३ नंबरच्या पिनांत घोळ असतो: पाठवायची पिन पाठवायच्याच पिनेला आणि घ्यायची घ्यायच्याच पिनेला जोडली गेली आहे. त्या उलट जोडणारा क्रॉस कनेक्टर मधे टाका. काम होतं.

कोणी हौशी मुलगा एचसी-०५ नावाचं सुटं ब्लूटूथ मॉड्यूल लावून देतो म्हणत असेल, तर चांगलंच आहे, पण त्याला एक विचारा: मधे लेव्हल कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्ट जुळवणारी चिप, आहे का? आरएस-२३२ वर ऋण आणि धन असे दोन्हीकडचे व्होल्ट येतात, पार १२-१५ व्होल्टपर्यंत. एचसी-०५ च्या सिग्नल पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. मधे मॅक्स ३२३२ सारखी चिप नसेल तर मॉड्यूल जळतं, कधी लगेच, कधी आठवड्याने.

आता फोन. सेटिंगमध्ये ब्लूटूथ चालू करून ॲडॉप्टर शोधा. पिन विचारली तर १२३४ किंवा ०००० टाकून पाहा; बहुतेक यांतलीच एक असते. जोडलं की लगेच खरेदीच्या ॲपकडे धावू नका. आधी सीरियल ब्लूटूथ टर्मिनलसारखं साधं ॲप टाका. त्यात काट्याकडून येणारी ओळ जशीच्या तशी दिसते. रिकाम्या काट्यावर शून्य यायला हवं. मग शिक्का असलेलं २० किलोचं वजन ठेवा, मग ५० किलो. काट्याच्या पडद्यावरचा आणि फोनवरचा आकडा दशांशासकट जुळला पाहिजे.

फोनवर चौकोन, प्रश्नचिन्हं, विचित्र अक्षरं आली तर बहुधा बॉड रेट चुकला आहे, नाहीतर बिट-पॅरिटीची मांडणी. आकडा बरोबर पण आधी इंग्रजी अक्षरं येत असतील तर घाबरू नका: अनेक काटे स्थिर वजनाआधी ‘एसटी’ आणि हलत्या वजनाआधी ‘यूएस’ पाठवतात. उलट ही अक्षरं कामाची आहेत. ॲपमध्ये ‘एसटी असेल तरच घे’ अशी सोय असेल तर ती चालू करा.

हे जमलं की खरेदीचं ॲप. विकत घेण्याआधी एकच चाचणी मागा: तुमच्याच काट्यावर वजन ठेवून त्यात आकडा येऊन दाखवा. ॲप ब्लूटूथ काट्याला जुळत नसेल तर कीबोर्डसारखं वागणारं ॲडॉप्टर मिळतं. फोनला वाटतं कोणीतरी आकडे टाइप करतंय, त्यामुळे ते कोणत्याही ॲपच्या चौकटीत चालतं. त्यात एक गोम आहे. आकडा जिथे कर्सर आहे तिथे पडतो. मधेच व्हॉट्सॲप उघडलं असेल तर ५२.३५० किलो थेट साळ्याच्या चॅटमध्ये जातात.

प्रिंटर

५८ मिलिमीटरच्या प्रिंटरची छापायची रुंदी ४८ मिलिमीटर असते, मिलिमीटरला आठ ठिपके, म्हणजे एका ओळीत ३८४ ठिपके. हा आकडा लक्षात ठेवा, मराठीच्या वेळी लागेल.

रोल टाकताना लेप असलेली बाजू छापणाऱ्या पट्टीकडे आली पाहिजे. कळत नसेल तर कागदावर नखाने ओरखडा काढा; जिथे काळी रेघ उमटते ती लेपाची बाजू. रोल उलटा पडला तर कागद सरकतो, आवाज येतो, पण पांढराच बाहेर येतो. ‘प्रिंटर बिघडला’ म्हणून तालुक्याला नेलेल्या यंत्रांत असे बरेच असतात.

पुढे स्वचाचणी. प्रिंटर बंद करा, कागद सरकवायचं बटण दाबून धरून चालू करा. एक लांब पट्टी छापून येते, तिच्यावर यंत्राचं ब्लूटूथ नाव आणि बहुतेकदा पिनही असते. पट्टीचा फोटो काढून ठेवा. ती नीट आली म्हणजे छपाईचा भाग शाबूत आहे, पुढचा दोष जोडणीत किंवा ॲपमध्ये शोधायचा.

फोनच्या सेटिंगमध्ये प्रिंटर जोडल्यावर त्याच्या नावाखाली ‘कनेक्टेड’ ऐवजी ‘सेव्ह केलेलं’ किंवा ‘पेअर केलेलं’ दिसतं. यात काही चुकलेलं नाही. प्रिंटर फक्त छापताना जोडला जातो, काम झालं की सुटतो. हे माहीत नसल्यामुळे लोक पुन्हा पुन्हा अनपेअर करतात आणि गुंता वाढवतात. जोडणी एकदाच सेटिंगमध्ये, निवड ॲपमध्ये.

ॲपला प्रिंटर दिसतच नसेल तर परवानगी पाहा. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची डिव्हाइस’ ही वेगळी परवानगी लागते. अँड्रॉइड ६ ते ११ वर ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी लागते, आणि बऱ्याच फोनवर लोकेशन प्रत्यक्ष चालूही ठेवावं लागतं. शेडमध्ये लोकेशन कशाला, असं वाटून ते बंद ठेवलेलं असतं, आणि शोध रिकामा येतो.

आता मराठी. स्वस्त प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतात. ॲपने मराठी मजकूर सरळ पाठवला की कागदावर प्रश्नचिन्हं येतात, नाहीतर चिनी अक्षरं. कारण अनेक यंत्रांत चिनी अक्षरसंच आधीच चालू असतो. प्रिंटर बदलून हे सुटत नाही. ॲपमध्ये ‘चित्र म्हणून छापा’ किंवा तत्सम पर्याय शोधा. मग फोन स्वतः अक्षरं काढतो, पावतीचं ३८४ ठिपक्यांचं चित्र करतो आणि प्रिंटर फक्त ठिपके छापतो. रुंदी ३८४ पेक्षा जास्त ठेवली तर उजवीकडचा भाग कापला जातो, नेमका रकमेचा. अक्षराची उंची २४ ठिपक्यांपेक्षा कमी नको. तीन मिलिमीटर झाली. त्याखाली ‘क्विंटल’ मधली वेलांटी आणि जोडाक्षर एकमेकांत मिसळतात. चित्र छापायला मजकुरापेक्षा वेळ जास्त लागतो, तेवढं सोसा.

पावतीवर काय असावं, यात तंत्रापेक्षा व्यवहार महत्त्वाचा. अनुक्रम, तारीख आणि वेळ, कास्तकाराचं नाव, गाव, माल, पोती, एकूण वजन, बारदाना (रिकाम्या पोत्यांचं वजन), निव्वळ वजन, ओलावा, भाव, रक्कम. समजा १२ पोती, एकूण ६१२.००० किलो. तागाचं पोतं ५८० ग्रॅमचं धरलं तर बारदाना ६.९६० किलो, निव्वळ ६०५.०४० किलो. ४,६०० रुपये क्विंटलने २७,८३१ रुपये ८४ पैसे. कडता, म्हणजे वजनातली वरची कपात, घेत असाल तर त्याची वेगळी ओळ छापा. पावतीवर न दिसणारा कडता हेच भांडणाचं कारण असतं, आणि ॲपमध्ये ती ओळ ‘इतर’ नावाखाली दडवणं हे त्याहून वाईट.

१२ सेंटिमीटरची पावती धरली तर १५ मीटरच्या रोलमध्ये १२५ निघतात. एक कास्तकाराला, एक आपल्याला, म्हणजे साधारण ६० गाड्या. त्या हिशेबाने रोल ठेवा.

थर्मल कागद टिकाऊ नाही, हे ग्राहकाला सांगूनच टाका. उष्णतेनेच त्यावर अक्षर उमटतं, त्यामुळे ६५-७० अंशांच्या आसपास अख्खा कागद काळा पडू लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एवढं तापमान सहज होतं. उलट बाजूने, तेलकट हात आणि मऊ प्लॅस्टिकचं पाकीट यांनी अक्षर पुसट होतं. पीककर्जाच्या किंवा नुकसानभरपाईच्या कामाला लागणारी पावती असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा, किंवा झेरॉक्स. नोंदवही बंद करू नका.

हॉटस्पॉट

दिवसाचा हिशेब लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या फोनवर घ्यायचा असेल तरच हॉटस्पॉट लागतो. इथे सगळ्यात दुर्लक्षित सेटिंग म्हणजे बँड, म्हणजे लहरींचा पट्टा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि हॉटस्पॉटचा जुना बँडही तोच. भारतात २.४ चा पट्टा २००५ पासून परवान्याविना खुला आहे, त्यामुळे शेजारच्या दुकानाचा राउटर, कॅमेरा, ब्लूटूथ सगळेच तिथे कोंबलेले. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा आपला मार्ग बदलत चुकवत राहतं, पण फोनमध्ये दोन्हींचा अँटेना बहुधा एकच असल्याने आळीपाळीने बोलावं लागतं. दोन्ही उपकरणांत सोय असेल तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर न्या. पल्ला कमी होतो, मातीच्या जाड भिंतीपलीकडे तो दुबळा पडतो, पण एका शेडपुरतं भागतं आणि काट्याची जोडणी सुटणं थांबतं.

लॅपटॉप टेबलावरच असेल तर हॉटस्पॉट बंद करून यूएसबी टेदरिंग करा. केबल लावली की लॅपटॉपला इंटरनेटही मिळतं आणि फोनही चार्ज होतो. ‘तारेविना’ म्हणत इथे तार सांगतोय हे खरं, पण जिथे तार चांगली तिथे तार. तिसरा मार्ग ब्लूटूथ टेदरिंग. वेग कमी, साध्या संदेशांना पुरतो, बॅटरी वाचते. मात्र काटा ब्लूटूथवर असताना हा मार्ग नको.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर त्या जोडणीला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाची, करून टाका. नाहीतर वजनं घेता घेता अपडेट उतरायला लागतं आणि दिवसाचा डेटा अकराच्या आत संपतो.

मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत नेटवर्कच नसेल तर इंटरनेटशिवाय नोंद साठवणारं ॲप निवडा. संध्याकाळी रस्त्यावर रेंज आली की ते पाठवतं. दोन फोनमध्ये फाइल द्यायला इंटरनेट लागत नाही. अँड्रॉइडमधली क्विक शेअर ही फाइल पाठवायची सोय समोरचा फोन ब्लूटूथने शोधते आणि फाइल शक्य तेव्हा वायफायवरून नेते. नुसत्या ब्लूटूथने १०० एमबीचा व्हिडिओ पाठवायचा तर चांगल्या वेगानेही सात मिनिटांच्या आसपास लागतात. हिशेबाची छोटी फाइल मात्र त्यानेही क्षणात जाते.

सगळं एकत्र चालवताना

जोडायचा क्रम ठेवा: आधी काटा, मग एक चाचणी पावती, शेवटी हॉटस्पॉट. उलट केलं तर दोष कुठे आहे ते कळत नाही.

वजन मोठ्याने बोलून दाखवणारा स्पीकर अनेकांना हवा असतो, आणि मागणी रास्त आहे. ज्याला पडदा वाचता येत नाही त्यालाही आकडा ऐकू येतो. पण ब्लूटूथ स्पीकर सतत आवाजाचा प्रवाह मागतो. एकाच फोनवर काटा, प्रिंटर आणि स्पीकर तिन्ही ठेवले की आवाज तुटतो किंवा पावती अडकते. ब्लूटूथच्या नियमाप्रमाणे एका मुख्य उपकरणाला सात जोड्या चालतात, स्वस्त फोनला एवढं झेपत नाही. स्पीकर ऑक्सच्या तारेने लावा. ब्लूटूथनेच लावायचा असेल तर सेटिंगमध्ये त्या स्पीकरच्या नावापुढच्या गिअरमध्ये जाऊन ‘कॉल’ बंद करा, फक्त ‘मीडिया’ ठेवा. नाहीतर घरून आलेला फोन पन्नास माणसांना ऐकू जातो.

मांडणी कशी करावी? ब्लूटूथची २.४ ची लहर पाणी शोषून घेतं. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, ओलसर माल तोही पाणीच. काटा आणि फोन यांच्यामध्ये हमाल उभे राहिले किंवा पोत्यांची थप्पी लागली की दहा मीटरचा पल्ला तीनवर येतो. म्हणून ॲडॉप्टर काट्याच्या खांबावर वर बांधा, लोखंडी प्लॅटफॉर्मखाली नको. फोन टेबलावर, काट्यापासून तीन ते पाच मीटरवर, दोघे एकमेकांना दिसतील असे. टिनाच्या शेडमध्ये मोबाईलची रेंजच पडते. टेबल दाराशी घ्या.

दुसऱ्याच्या फोनने तुमचा काटा पकडला तर काय होतं? अशा ॲडॉप्टरवर एका वेळी बहुधा एकच जोडणी चालते, त्यामुळे तुमच्या फोनला ‘कनेक्ट झालं नाही’ एवढंच दिसतं. बाजाराच्या दिवशी शेजारी त्याच कंपनीचा प्रिंटर असेल तर तुमची पावती तिकडे छापली जाते. दोन्हींवर उपाय एकच: उपकरणाचं नाव आणि पिन बदलून घ्या. ती सोय माहितीपत्रकात असते. हंगाम संपल्यावर ज्याचा फोन परत जाणार आहे, त्याच्यातून जोडण्या काढून टाका. क्विक शेअरवर अनोळखी फोनकडून ॲपची फाइल आली तर ती उघडू नका, हिशेबाच्या फोनवर तर नाहीच.

ऊन आणि वीज

तूर आणि हरभऱ्याची खरेदी उन्हाळ्यात ओढली जाते, आणि तेव्हा अकोला, वर्धा, चंद्रपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो. लिथियम बॅटरी एवढ्या उष्णतेत चार्ज करणं घातक, म्हणून फोन स्वतःच चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. चार्जर बदलून काही होत नाही. मागचं कव्हर काढा, फोन सावलीत हवेशीर ठेवा, हॉटस्पॉट आणि चार्जिंग एकाच वेळी टाळा. पडद्याचा उजेड कमी केला तरी फरक पडतो. कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, त्या ओल्या हवेने पोर्टमध्ये ओल धरते. फोन फ्रीजमध्ये ठेवून गार करणं तर अजिबात नको. बाहेर काढताच आत पाण्याचे थेंब जमतात.

१०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून तेवढं बाहेर येत नाही. आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टला नेताना आणि वाटेत वाया जाऊन हाती साधारण ६,००० ते ६,५०० उरतात. ५,००० च्या फोनचं एक चार्ज आणि प्रिंटरला थोडं, एवढाच हिशेब धरा. लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहून रात्रीच सगळं भरून ठेवा.

काट्याची बॅटरी वेगळी, बहुतेक काट्यांत ६ व्होल्टची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. ती उतरली की काही काट्यांवर आकडा डुलू लागतो, ‘एसटी’ येतच नाही, आणि लोक ब्लूटूथला दोष देतात. फोनवर वजन येत नसेल तर पहिली नजर काट्याच्या बॅटरीच्या खुणेवर टाका.

पावती फिकट येत असेल तर आधी प्रिंटर चार्ज करा. तरी फिकट असेल तर ॲपमधली गडदपणाची पातळी वाढवा. मधेच उभी पांढरी रेघ येत असेल तर पट्टीवर धूळ बसली आहे. प्रिंटर बंद करून गार होऊ द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापसाच्या बोळ्याने पट्टी हलकेच पुसा, वाळल्यावर रोल टाका. चाकू, पिन, नख काहीही लावू नका. रेघ गेली नाही तर त्या जागचा ठिपका जळला आहे आणि पट्टी बदलावी लागेल. सोयाबीनचं कुटार फार बारीक असतं, ते दातेरी चाकांत शिरतं. वापरात नसताना प्रिंटर कापडी पिशवीत ठेवा.

हंगाम संपला की प्रिंटरमधला रोल काढून सावलीतल्या डब्यात ठेवा. प्रिंटर आणि पॉवर बँकेची लिथियम बॅटरी निम्मी भरून बंद करा, दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासा. काट्याची शिसे-आम्ल बॅटरी मात्र याच्या उलट, पूर्ण भरूनच ठेवायची आणि दर महिन्याला थोडी चार्ज करायची. उतरलेली ठेवली तर पुढच्या हंगामाला ती चार्ज धरत नाही.